टेबलात बसणारा लॅपटॉप

गेल्या मे महिन्यात माझी नववीत जाणारी भाची एक चित्र घेऊन माझ्याकडे आली. चित्रात एक टेबल होते. टेबलाच्या फळीत लॅपटॉपच्या बरोबर मापाची खोबण, आणि खोबणीच्या तळाशी पितळेच्या दोन पट्ट्या. तशाच दोन पट्ट्या लॅपटॉपच्या पोटाला चिकटवायच्या व त्यांतून निघालेली आखूड वायर चार्जिंगच्या तोंडात बसवून टाकायची. मग लॅपटॉप खोबणीत ठेवला की पट्टीला पट्टी टेकणार, वीज सुरू होणार आणि समोरचा मोठा पडदा उजळणार. एकही वायर दिसणार नाही. चित्राखाली तिने ‘शालेय विज्ञान प्रदर्शनासाठी’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते.

“मामा, तुमच्या प्रयोगशाळेत पितळेची पट्टी असेल ना? चारच तुकडे हवेत.”

पट्टी होती. मी ती दिली नाही. बाईसाहेब दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मामा स्वतः पदार्थविज्ञान शिकवतो, सारखा ‘हाताने काही करा’ म्हणून सांगतो आणि मागितले तर नाही म्हणतो, ही तिची तक्रार होती. तक्रार रास्त होती, तेव्हा तिला तोंडी जे सांगितले ते नीट लिहून काढणे मला भाग आहे. तुमच्यापैकी कित्येकांच्या वहीत असे चित्र असेल, असा माझा अंदाज आहे.

प्रथम हे सांगतो की टेबल हवे ही तिची कल्पना अगदी योग्य होती. माझ्या बहिणीच्या घरात लॅपटॉप एक आणि वापरणारी माणसे तीन. चार्जरची वायर संध्याकाळभर दारातून आडवी पडलेली असे. तिच्यात पाय अडकून लॅपटॉप दोनदा खाली आला आणि चार्जिंगचे तोंड सैल झाले. लॅपटॉपला घरात एक ठरलेली जागा असावी, तेथे ठेवला की त्याला वीज मिळावी, मोठा पडदा आणि कळफलक जोडला जावा, आणि उचलला की तो मोकळा व्हावा ही खरी गरज आहे. नुसती हौस नव्हे.

ही कल्पना नवीनही नाही. १९९२ साली अमेरिकेतील अ‍ॅपल कंपनीने ‘पॉवरबुक ड्यूओ’ नावाचा सडपातळ लॅपटॉप काढला आणि त्याच्यासाठी ‘ड्यूओ डॉक’ नावाची एक पेटी विकावयास ठेवली. पेटी टेबलावर ठेवायची, तिच्यावर मोठा पडदा ठेवायचा. लॅपटॉप मिटून पेटीच्या तोंडात सरकवला की आतली मोटर त्याला व्हिडिओ कॅसेटसारखा आत ओढून घेई, आणि दीडशेहून अधिक संपर्कबिंदू असलेला त्याचा पाठीमागचा जोड पेटीतल्या जोडाला जाऊन मिळे. वीज, पडदा, कळफलक, फ्लॉपीचा खण, सगळे एका दमात जोडले जाई. माझ्या भाचीने काढलेले चित्र ते हेच, फक्त तीस वर्षे आधीचे आणि मोटर लावलेले!

पुढे काय झाले? १९९७ साली ड्यूओ जातीचे लॅपटॉप बंद झाले आणि त्या पेटीत दुसरा कोणताच लॅपटॉप बसेना. पेटीत बिघाड काहीच नव्हता. ती ज्याच्यासाठी केली होती ते यंत्रच बाजारातून गेले होते.

तुम्हाला हे दूरचे वाटत असेल तर आपल्याच नातेवाइकांच्या घरी बैठकीच्या खोलीतले जुने शोकेस आठवा. त्याच्या मधोमध एक मोठा खोल चौकोन असतो. जुना पेटीसारखा टीव्ही बसावा म्हणून सुताराने तो मापून केलेला होता. चपटे टीव्ही आले, ते चौकोनापेक्षा रुंद निघाले आणि भिंतीवर गेले. चौकोनात आता प्लास्टिकची फुले आणि लग्नपत्रिका असतात. सागवानी टेबल तीस-चाळीस वर्षे सहज टिकते, आणि लॅपटॉप पाच-सात वर्षे टिकला तरी आपण त्याची तारीफ करतो. लॅपटॉपच्या मापाची खोबण टेबलात कोरणे म्हणजे दीर्घायुषी वस्तूच्या अंगावर अल्पायुषी वस्तूचे माप गोंदवणे होय. आमच्या सुतारकाकांना हे पटवायला मला बराच वेळ लागला. ते म्हणाले, “सर, केसभर फट राहणार नाही अशी खाच मारून देतो.” त्यांचा हात तसा आहेही. पण फट राहावी हीच माझी विनंती होती.

आता त्या पितळी पट्ट्यांकडे वळू, कारण माझे म्हणणे मुख्यतः त्यांच्याविषयी आहे.

काही वर्षांपूर्वी मी स्वतः असेच टेबल केले होते. माझ्या जुन्या लॅपटॉपच्या चार्जरवर ‘१९ व्होल्ट, ३.४२ अँपिअर’ असे लिहिलेले होते. दोन्हींचा गुणाकार केला की सुमारे ६५ वॅट येतात. मी विचार केला, १९ व्होल्टने धक्का बसत नाही, मग भीती कसली? प्लायवूडमध्ये दोन पट्ट्या बसविल्या, खाली स्प्रिंगा लावल्या, आणि पहिला महिना मोठ्या ऐटीत आल्यागेल्याला दाखविले. मग पावसाळा आला. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत पितळ काळवंडू लागले. एका रात्री लाकूड करपल्याचा वास आला. उठून पाहतो तो एका पट्टीखालचे प्लायवूड तपकिरी झालेले आणि पट्टीला बोट लावता येईना. घरात कोणी नसते तर काय झाले असते, ते मी पुष्कळ दिवस मनात आणू दिले नाही.

झाले काय होते, याचा हिशेब तुमच्या दहावीच्या पुस्तकातल्या सूत्राने करता येतो. रोधातून प्रवाह गेला की दर सेकंदाला निर्माण होणारी उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. स्वच्छ, घट्ट संपर्काचा रोध समजा ०.०२ ओहम आहे. ३.४२ चा वर्ग सुमारे ११.७, त्याला ०.०२ ने गुणले तर पाव वॅटही होत नाही. आता काळवंडलेल्या पट्टीत हाच रोध अर्धा ओहम झाला असे धरा. अर्धा ओहम म्हणजे किरकोळ, असे तुम्ही म्हणाल. पण उष्णता आता सुमारे ६ वॅट होते, आणि ती टिकलीएवढ्या जागेत! लहान झाळणीचा २५ वॅटचा लोखंडी दांडा कथिल वितळवितो, हे तुम्ही पाहिले असेल. म्हणजे माझ्या टेबलात त्याच्या पाव शक्तीची झाळणी रात्रंदिवस लाकडाला टेकवून ठेवलेली होती.

गोष्ट तेथे थांबत नाही. तापली की स्प्रिंग मऊ पडते, दाब कमी होतो, त्यामुळे संपर्काचा रोध वाढतो, आणि म्हणून ती आणखी तापते. फ्यूज या बाबतीत काहीच करीत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. वाढलेला असतो तो रोध. हा मुद्दा मला एम.एस्सी. होऊन बरीच वर्षे वर्गात शिकवल्यावर, नाकाला वास आल्यानंतर कळला, हे येथे कबूल करतो. उघड्या पट्ट्यांची दुसरी भानगड म्हणजे त्यांच्यावर कंपासपेटीतली स्टीलची पट्टी पडली की मंडल थेट जोडले जाते. विद्यार्थ्याच्या टेबलावर स्टीलची पट्टी पडणार नाही, असे कोण म्हणेल?

माझ्या बहिणीकडचा लॅपटॉप मात्र नव्या तऱ्हेचा आहे. त्याचे तोंड ‘यूएसबी टाईप-सी’ जातीचे आहे, आणि येथे पट्ट्यांची कल्पना आणखी एका कारणाने कोलमडते. २०१४ साली या जोडाचे मानक प्रसिद्ध झाले. लांबट गोल, कसाही उलटासुलटा बसणारा आणि आत २४ संपर्क असलेला हा जोड तुम्ही मोबाईलवर पाहिलेला आहेच. याचा चार्जर आपण समजतो तसा नळ नव्हे, की तोटी उघडली आणि पाणी आले. तो आधी विचारतो. केबलमधल्या एका निराळ्या तारेवर, पलीकडे ठरावीक मापाचा, म्हणजे ५.१ किलोओहमचा, रोधक आहे की नाही हे तो तपासतो. नसेल तर वीज सोडतच नाही. असेल तर ५ व्होल्ट देतो. त्यानंतर त्याच तारेवरून चार्जर आणि लॅपटॉप यांच्यात संकेतांची बोलणी होतात, “माझ्याकडे ५, ९, १५, २० व्होल्ट आहेत, तुला काय हवे?” अशा अर्थाची, आणि मग दाब वाढतो. पहिल्या रचनेत ही मजल १०० वॅटपर्यंत होती. २०२१ साली ती ४८ व्होल्ट आणि २४० वॅटपर्यंत नेण्यात आली.

भाचीचा रुसवा निघाल्यावर आम्ही दोघांनी एक टाकाऊ केबल कापली आणि वीज वाहणाऱ्या दोन तारांवर मल्टिमीटर लावला. काटा नव्हता, आकडे होते. आणि आकडा होता शून्य. तिला वाटले चार्जर बिघडला. मग त्या बोलणाऱ्या तारेपासून काळ्या तारेपर्यंत ५.१ किलोओहमचा रोधक टेकवला, तेव्हा ५ व्होल्ट दिसले. रोधक काढला की पुन्हा शून्य. दोन पट्ट्यांना बोलता येत नाही, हे तिला माझ्या तासभराच्या व्याख्यानापेक्षा त्या एका शून्याने पटले. (हा प्रयोग घरातल्या चांगल्या केबलवर आणि एकट्याने करू नये.)

“मग लोहचुंबक?” तिने विचारले. चुंबकाने प्लग जागेवर धरून ठेवणे ही चांगली युक्ती आहे. अ‍ॅपलने २००६ साली चुंबकाने चिकटणारा चार्जिंगचा प्लग आणला, तो वायरीत पाय अडकला तर सुटून यावा म्हणूनच. पण टेबलाखाली जोरदार चुंबक लावताना एक गंमत होते, ती आमच्याकडेही झाली. लॅपटॉप टेबलावर सरकवला आणि पडदा एकदम काळा! भाचीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. लॅपटॉप मिटला आहे की उघडा, हे त्याला कळावे म्हणून झाकणात एक छोटा चुंबक आणि बुडात चुंबकत्व ओळखणारा संवेदक बसविलेला असतो. बहुधा तो हॉल परिणामावर चालतो. एडविन हॉल याने १८७९ साली तो परिणाम शोधला तेव्हा लॅपटॉप नव्हते हे सांगावयास नको. आमच्या टेबलाखालच्या चुंबकाला लॅपटॉप स्वतःचे झाकण समजला आणि झोपी गेला. चुंबक वीतभर बाजूला घेतला, काम झाले.

बिनतारी पद्धतीने, म्हणजे दोन वेटोळ्यांमधून, वीज देणारा लॅपटॉपही निघाला होता. डेल कंपनीने तो २०१७ साली आणला. त्यासाठी लॅपटॉप तसा बनविलेला असावा लागतो आणि वाटेत काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. घरच्या टेबलासाठी मला तो मार्ग पटत नाही.

माझे मत असे की शेवटचे चार बोटे अंतर माणसाच्या हातावर सोडावे. वीज टेबलापर्यंत आणणे, टेबलात लपविणे, बरोबर जागी आणून उभी करणे, हे सगळे टेबलाने करावे. पण प्लग तोंडात बसविण्याचे काम बोटांनी करावे. त्याला एक सेकंद लागतो. तो सेकंद वाचविण्यासाठी १९९२ साली मोटर लावावी लागली आणि मला पितळेच्या पट्ट्या. यंत्राकडून करून घेण्यात सर्वांत जड जाते ते हेच अंतर, आणि हाताला ते मुळीच जड नसते. शिवाय प्लग कारखान्यात केलेला असतो. त्यातल्या संपर्कांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो, तो काळवंडत नाही, आणि त्याच्यात स्टीलची पट्टी पडू शकत नाही.

आज हे सांगणे सोपे झाले आहे, कारण एकाच केबलमधून वीज, मोठ्या पडद्याचे चित्र आणि कळफलकाची अक्षरे अशी तिन्ही जाऊ शकतात. ती एकत्र करणारी डबी, जिला डॉक किंवा हब म्हणतात, बाजारात मिळते. ती टेबलाखाली स्क्रूने बसवावी आणि तिच्यातून एकच केबल वर आणावी. मात्र प्रत्येक टाईप-सी तोंड तिन्ही कामे करतेच असे नाही. काही नुसती फायलींची ने-आण करतात. म्हणून डबी घेण्यापूर्वी लॅपटॉपच्या माहितीपत्रकात पाहावे. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाईलसाठी आणि २८ एप्रिल २०२६ पासून लॅपटॉपसाठी हेच तोंड कायद्याने ठरविले. ड्यूओच्या पेटीला जे भाग्य लाभले नाही, ते आपल्या टेबलाला लाभावे अशी आशा करण्यास यामुळे जागा आहे. लॅपटॉप बदलेल, केबलही कदाचित बदलेल, पण फळी कोरावी लागणार नाही.

सुतारकाकांना आम्ही शेवटी जे माप दिले त्यात विशेष काही नाही. फळीच्या मागच्या कडेला ६० मिलिमीटर व्यासाचे एक भोक, म्हणजे वायरच नव्हे तर तीन पिनांचा प्लगही त्यातून जावा. भोकाजवळ लाकडाचा एक ठोकळा, त्याला खाच, खाचेत केबलचे डोके उभे राहते. लॅपटॉप उचलला तरी ते टेबलामागे गळून पडत नाही. केबल फळीखाली क्लिपने पकडलेली, म्हणजे ओढ बसली तर ती क्लिपला बसावी, लॅपटॉपच्या तोंडाला नव्हे. उभा मोठा पडदा मागे आणि लॅपटॉप ठेवण्यासाठी दोन आडव्या पट्ट्या.

या आडव्या पट्ट्यांविषयी थोडे अधिक. भाचीची दुसरी कल्पना होती की लॅपटॉप मिटून खणात ठेवावा आणि खण बंद करावा, म्हणजे दिसायलाच नको. लॅपटॉप जोरात काम करताना समजा ६० वॅट घेतो. ती सर्व ऊर्जा शेवटी उष्णताच होते. ६० लिटरच्या खणातली हवा साधारण ७२ ग्रॅम भरते आणि तिला १ अंश तापविण्यास सुमारे ७२ ज्यूल पुरतात. म्हणजे नुसत्या हवेचा विचार केला तर दर सव्वा सेकंदाला एक अंश! प्रत्यक्षात फळ्याही उष्णता घेतात, म्हणून इतक्या वेगाने खण तापत नाही. पण लाकूड उष्णतेचे मंदवाहक, घेतलेली उष्णता ते बाहेर लवकर सोडत नाही. त्याच लॅपटॉपला हवा लागते किती? बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा १० अंशांनी गरम असू द्यायची असेल, तर सेकंदाला अवघी ५ लिटर. २० सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच फटीतून हवा सेकंदाला पाव मीटर या संथ गतीने गेली तरी तेवढी होते. एवढी फट ठेवली की पंखा लावावयास नको, लॅपटॉपचा स्वतःचा पंखा पुरतो. शिवाय त्याच्या आतल्या लिथियम-आयन विद्युत्घटाला उष्णता सोसत नाही. गरम जागी, सतत पूर्ण भरलेल्या स्थितीत तो लवकर म्हातारा होतो. घट ८० टक्क्यांवर थांबविण्याची सोय पुष्कळ लॅपटॉपमध्ये असते. टेबलावरच राहणाऱ्या लॅपटॉपला ती जरूर वापरावी.

राहिली २३० व्होल्टची बाजू. ती मुलांनी हातात घेऊ नये, यावर मी कोणाशी वाद घालणार नाही. जुना रेडिओ उघडा, खेळण्यातली मोटर उघडा, टॉर्च उघडा, पण चार्जर उघडू नका. भिंतीतला २३० व्होल्टचा दाब शिखराला सुमारे ३२५ व्होल्ट असतो, आणि चार्जरच्या आतला संधारित्र प्लग काढल्यावरही काही काळ भरलेला राहू शकतो. टेबलाखालचा एक्स्टेन्शन बोर्ड फळीला उलटा बसवावा, जमिनीवर नको. फरशी पुसण्याचे पाणी तेथे येते. टेबलाचे पाय लोखंडी असतील तर वायरमनकडून त्यांना अर्थिंग करून घ्यावे आणि घराच्या मंडलात ३० मिलिअँपिअरचा गळती-विच्छेदक असावा. दोन पिनांच्या चार्जरवर चालणाऱ्या, धातूच्या अंगाच्या लॅपटॉपला हात लावला की मुंग्या आल्यासारखे होते, हा अनुभव तुम्हाला असेल. चार्जरमधल्या छोट्या संधारित्रातून येणारा तो अत्यल्प प्रवाह असतो. तीन पिनांचा चार्जर नीट अर्थिंग असलेल्या सॉकेटला लावला की तो नाहीसा होतो.

जूनमध्ये टेबल झाले. भाची त्याच्याभोवती दोनदा फिरली आणि म्हणाली, “पण मामा, यात दाखवायचं काय? परीक्षक म्हणतील, हे तर साधं टेबल आहे.”

या प्रश्नाचे उत्तर देणे मला सर्वांत अवघड गेले, कारण तिचे म्हणणे खरे होते. मी स्वतः शाळांच्या प्रदर्शनांत परीक्षक म्हणून बसलो आहे. दिवे लुकलुकणाऱ्या प्रतिकृतीला पहिला क्रमांक आणि कोपऱ्यात वहीत वाचने नोंदवून बसलेल्या मुलाला उत्तेजनार्थ, असा निकाल मीही एकदा दिला आहे. त्या मुलाचे काम काय होते ते मला आजही आठवते, आणि त्या प्रतिकृतीचे मुळीच आठवत नाही. आमच्यासारखे परीक्षक जोपर्यंत पितळेच्या पट्ट्यांना गुण देतील तोपर्यंत मुले पितळेच्या पट्ट्याच लावतील. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही.

तिला मी एवढेच सुचविले की टेबल नेऊच नको, मोजमापे ने. पातळ आणि जाड वायरीच्या दोन्ही टोकांचा विद्युत् दाब मोज. खणात आणि उघड्या पट्ट्यांवर लॅपटॉप ठेवून दर पाच मिनिटांनी तापमान घे. रोधक लावला असता आणि काढला असता केबलवर काय दिसते, ते परीक्षकांसमोर करून दाखव.

सध्या ती आलेखाचा कागद घेऊन त्या खणापाशी बसते. दारातली आडवी वायर गेली आहे आणि बहीण खूश आहे. परवा भाची माझ्याकडे आली ती माझी जुनी करपलेली पितळी पट्टी मागायला. तिला ती पुठ्ठ्यावर चिकटवायची आहे. ही पट्टी मात्र मी दिली. खाली चिठ्ठी लावण्यासाठी तिने विचारले, “मामा, यातून प्रवाह किती जात होता?” मी ३.४२ अँपिअर सांगितला. “आणि रोध?” तो मी त्या वेळी मोजलाच नव्हता, हे तिने चिठ्ठीवर लिहून घेतले आहे.